संप झाला, पण आमच्या गावाला कळलाच नाही

मंडळी, जरा लांब लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पहिला परिच्छेद वाचून खाली कमेंट ठोकू नका. मागच्या वेळी तसंच झालं होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार. राज्यभर डॉक्टरांचा संप. इंडियन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आयएमएने, सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत काम बंदची हाक दिली होती. राज्यात एक लाख ऐंशी हजारांवर डॉक्टर संपात आहेत असा त्यांचा दावा. बातमी करायची म्हणून मीही बाइक काढली. जूचंद्र स्टेशनपासून चंडिका मातेच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत, तिथून नायगाव पूर्वेच्या चाळींमधून बापाणे फाट्यापर्यंत. वाटेत जेवढे दवाखाने लागले तेवढे सगळे उघडे. बाकावर पेशंट, बाहेर चपला, आत सलाईन लटकतंय, रोजच्यासारखंच. एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, "आज संप ना?" ते हसले. म्हणाले, "संप त्यांचा. आम्ही कुठे त्यांच्यात?"

माझी बातमी तिथेच मेली. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

कारण संप होता तो नेमका यांच्याच विरोधात! होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं द्यायची की नाही, यावरून मुंबईत रण पेटलेलं. आणि ज्यांनी देऊ नयेत म्हणून संप, ते त्या दिवशी आमच्या गावात शांतपणे पॅरासिटॅमॉल, अझिथ्रोमायसिन आणि डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देत होते. वीस वर्षं देतायत. संप संपल्यावरही देत राहिले.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१४ मध्ये आपल्या विधिमंडळाने कायदे बदलले. होमिओपॅथीच्या डॉक्टरने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स केला, तर त्याला ॲलोपॅथीची औषधं देता येतील, अशी तरतूद केली. या कोर्सला सीसीएमपी म्हणतात, तो नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आहे. आयएमए कोर्टात गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पडून राहिलं. दरम्यान हजारो जणांनी कोर्स केला, फी भरली, परीक्षा दिली, पण नोंदणी कुठेच नाही. मग ३० जून २०२५ ला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने सांगितलं की १५ जुलैपासून यांची वेगळी नोंदवही उघडतो. आयएमएने संपाची धमकी दिली, सरकारने ११ जुलैला ब्रेक मारला आणि समिती नेमली. होमिओपॅथीवाले आझाद मैदानात बसले. ५ सप्टेंबरला सरकारने पुन्हा हिरवा कंदील दाखवला. आणि १८ ला संप. म्हणजे तीन महिन्यांत हो, नाही, हो. आपल्याकडे सासू-सून सुद्धा एवढ्या वेळा मत बदलत नाहीत.

दोन्ही बाजूंची पत्रकं मी वाचली. एकात वैद्यकशास्त्राचा दर्जा आहे, दुसऱ्यात ग्रामीण जनतेची सेवा आहे. दोन्हीकडे पेशंट शोभेला आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे मी कुठे उभा आहे ते कळेल. नाव कुणाचं घेणार नाही, कमेंटमध्ये विचारू पण नका.

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना संध्याकाळी जेवणाआधी छातीत भरून आलं. "काय नाय रे, पित्त झालंय," म्हणत त्यांनी सोडा प्यायला. घाम बघून मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. हे बीएचएमएस. नाडी धरली, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "दादा, हे पित्त नाही. आत्ताच्या आत्ता गाडी काढा." ॲस्पिरिनची गोळी चावून खायला लावली. ज्यांच्याविरुद्ध संप होता त्यांच्यापैकीच हे एक.

गाडी काढली आणि जवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. बाहेर भली मोठी पाटी, पाटीवर चार एमडी, एक डीएम. आत एक पंचविशीतला मुलगा. त्याने ईसीजी काढला, कागदाचा फोटो काढून 'सरांना' व्हॉट्सॲप केला. सर झोपलेले. मुलाने ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि म्हणाला, सकाळी सर राउंडला येतील. सर साडेनऊला आले. फोटो बघितला आणि ओरडायला लागले की लगेच मुंबईला हलवा. हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवायची असेल तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात, प्रत्येक तासाला हृदयाचा एक तुकडा मरतो, हे मला पुढे मुंबईच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. वडील वाचले. पण हृदय निम्म्याच ताकदीवर चालतंय. डोंगरावर देवीला जायचं तर पायऱ्यांवर चार वेळा बसतात.

महिन्याभराने बिलाच्या कागदासाठी मी परत त्या नर्सिंग होममध्ये गेलो, तेव्हा तो मुलगा भेटला. माझा राग तोपर्यंत ओसरला होता. विचारलं, "तू कुठला डॉक्टर?" म्हणाला, "बीएचएमएस. रात्रीची ड्युटी. पंधरा हजार देतात." मग खाली बघून म्हणाला, "मला ईसीजी कुणी शिकवलाच नाही हो. इथेच बघून बघून जेवढं आलं तेवढं."

आता सांगा, यात चूक कुणाची?

आयएमएच्या मित्रांनो, तुमच्यातले काही माझे चांगले मित्र आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. वसई-विरार असो की ठाणे की नाशिक, छोट्या-मध्यम खाजगी हॉस्पिटलांचा रात्रीचा कारभार बीएचएमएस आणि बीएएमएस मुलांवर चालतो, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे आणि वॉर्डातल्या मावशींनाही माहीत आहे. रात्री दोन वाजता तुमच्या आयसीयूत इंजेक्शन कोण देतं? एमबीबीएस मुलाला द्यायचा पगार परवडत नाही म्हणून तुम्ही यांना ठेवता. तेव्हा पेशंटच्या जीवाला धोका नसतो. तोच मुलगा स्वतःचा दवाखाना टाकून स्वतःच्या सहीने तीच औषधं लिहायला लागला की धोका सुरू होतो. हे कुठलं शास्त्र? तुमच्या मुद्द्यात दम नाही असं मी म्हणत नाही. साडेपाच वर्षांचं शिक्षण एका वर्षात होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आधी आपापल्या हॉस्पिटलातली रात्रपाळी साफ करा, मग रस्त्यावर या. मी बॅनर धरायला येतो.

होमिओपॅथीवाल्यांनाही दोन शब्द. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात दिलेला निकाल तुमच्या कॉलेजात शिकवतात की नाही, ठाऊक नाही. प्रकरण आपल्या मुंबईतलंच. तापाचा पेशंट, होमिओपॅथीचे डॉक्टर, त्यांनी आधी व्हायरल तापाची आणि मग टायफॉइडची ॲलोपॅथी औषधं दिली, नीट तपासण्या न करता. पेशंट गेला. कोर्टाने सांगितलं की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा, तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही, आणि असं करणारा त्या पद्धतीपुरता भोंदूच. तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. त्यावर तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर कायदा बदलला, म्हणूनच तर कोर्स. बरोबर. पण तुमच्यातल्या ज्यांनी कोर्स केलेला नाही, ते काय देतायत? साबुदाण्याच्या गोळ्या? आमच्या भागात तरी साखरेच्या गोळ्या देणारा होमिओपॅथ आता शोधावा लागतो. आणि आयुर्वेदवाल्यांना तर सरकारने १९९० च्या दशकातच आधुनिक औषधं वापरायची परवानगी देऊन टाकली, तेव्हा त्यांच्याबद्दल या भांडणात कुणी तोंडच उघडत नाही. असो, तो वेगळा विषय.

माझं म्हणणं एवढंच आहे. औषध लिहिणारा कोण, यावर तीन महिने घासाघीस झाली. औषध लिहिणाऱ्याला आज काय माहीत आहे, आणि उद्या काही बदललं तर त्याला कोण सांगणार, यावर एकाही पत्रकात ओळ नाही.

वैद्यकशास्त्र दर महिन्याला बदलतं. २०२५ मधलंच उदाहरण घ्या. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याचं औषध पिऊन लहान मुलं गेली. मूत्रपिंडं बंद पडली. वीसहून जास्त घरं. त्यातली बरीच मुलं आपल्या नागपूरच्या हॉस्पिटलांत शेवटचा श्वास घेऊन गेली. कोल्ड्रिफ नावाचं ते सिरप, एसआर-१३ बॅच, तमिळनाडूतल्या प्रयोगशाळेत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे विष आहे, कारखान्यात वापरतात. कुठल्याही डॉक्टरला बाटली बघून ते कळणं शक्य नव्हतं, हे मान्य. ज्यांना मुंबई आठवते त्यांना १९८६ चं जे. जे. हॉस्पिटलही आठवेल. तिथे ग्लिसरीनमधून हेच विष गेलं, १४ पेशंट गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. चाळीस वर्षांत विष तेच राहिलं.

पण दुसरी गोष्ट बघा, ती कमी छापून आली. विष बाजूला ठेवलं तरी त्या सिरपमधल्या औषधांचा एक जोड, क्लोरफेनिरामिन आणि फिनायलएफ्रिन, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. बाटलीवर तसं छापायलाही सांगितलं होतं. दोन वर्षं होत आली. तरी ते चार वर्षांखालच्या मुलांना लिहून दिलं जात होतं. आणि ज्यांनी लिहून दिलं म्हणून ज्या डॉक्टरांना अटक झाली, ते होमिओपॅथ नव्हते की आयुर्वेदवाले नव्हते, बालरोगतज्ज्ञ होते, तेही सरकारी नोकरीतले. आता ३ ऑक्टोबरला केंद्राने परत पत्र काढलं, दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध नकोच, पाचखाली शक्यतो नको.

हे पत्र आल्यावर मी आमच्या इथल्या तीन डॉक्टरांना विचारलं, तुम्हाला हे कुठून कळलं? एकाला व्हॉट्सॲपवर. एकाला बायकोने टीव्हीवर बघून सांगितलं. तिसऱ्याला माझ्याकडून कळलं! आणि डिसेंबर २०२३ चं पत्र? तिघांनाही नाही. तिघांपैकी एक एमबीबीएस आहे.

मग यांना नवीन औषध कोण शिकवतं? एमआर शिकवतो. कंपनीचा तो टाय लावलेला मुलगा, दुपारी दीड वाजता पेशंट संपायची वाट बघत बाहेर उभा असतो, आत जाऊन दीड मिनिटात नवीन औषध, नवीन कॉम्बिनेशन, नवीन सॅम्पल ठेवतो. त्याचं पोट त्यावर आहे, त्याला दोष देत नाही. पण आमच्या गावाचा मेडिकलचा प्राध्यापक तोच. कंपनी जे विकते ते तो शिकवतो. काय बंद करायचं ते कुठला एमआर कशाला शिकवेल?

नियम नाही असंही नाही. मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात, सेमिनार, परिषदा वगैरे ऐकून. तरच नोंदणीचं नूतनीकरण होतं. छान नियम आहे. त्यातल्या किती परिषदा रिसॉर्टवर होतात आणि किती जण सही करून जेवायला जातात, ते डॉक्टर मित्रांनी छातीवर हात ठेवून सांगावं. पण निदान नियम तरी आहे. होमिओपॅथीची कौन्सिल वेगळी, आयुर्वेदाची वेगळी. तिथे जे शिकवलं जाईल ते त्यांच्या शास्त्राचं. रोज पन्नास जणांना ॲलोपॅथीची औषधं देणाऱ्या माणसाला ॲलोपॅथीत आज काय बदललं हे सांगायची जबाबदारी या राज्यात कुणाचीच नाही. कारण कागदावर तो ती औषधं देतच नाही ना!

आपल्याच भागाचं सांगतो. नायगाव पूर्वेला, बापाण्याच्या कंपन्यांच्या मागे, चाळींत टीबी आहे. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने सहा महिन्यांची, चार औषधांची नवी उपचारपद्धती मंजूर केली, पूर्वी नऊ महिने ते दीड-दोन वर्षं लागायची. पेशंटला पोषणासाठी महिन्याला ५०० मिळायचे, ते १००० झाले. पण पेशंट आधी कुठे जातो? गल्लीतल्या दवाखान्यात. तिथे खोकल्याला पंधरा दिवस हे अँटिबायोटिक, पंधरा दिवस ते. थुंकी तपासायला पाठवेपर्यंत घरातली पोरंही खोकायला लागतात. खाजगी डॉक्टरने टीबीचा पेशंट सरकारला कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे, हे किती जणांना माहीत आहे?

पावसाळ्यात आपल्याकडे गुडघाभर पाणी तुंबतं. त्या पाण्यातून चालत आलात तर लेप्टो होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन घ्या, डॉक्टरांना विचारून, असं मुंबई महापालिका दर पावसाळ्यात ओरडून सांगते. खाडीच्या अलीकडे मात्र ताप आल्यावर सलाईन. अंगावर नायटा आला की स्टेरॉइडची ट्यूब, दोन दिवस छान, मग दुप्पट. ही ट्यूब चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून २०१८ मध्ये नियम झाला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य संचालनालयाने सगळ्या डॉक्टरांना विनंती केली की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी हे चिठ्ठीवर लिहा. तुमच्या घरातल्या चिठ्ठ्या काढा आणि बघा. मुळात चिठ्ठी आहे का? आपल्याकडे कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या मिळतात. लाल एक, पिवळी एक, पांढरी अर्धी. नावच नाही, तर कशासाठी ते कुठे लिहिणार?

(आपणही कमी नाही. इंजेक्शन दिलं नाही तर डॉक्टर बदलणारे आपणच. माझी आई आजही म्हणते, सुई टोचली नाही तर शंभर रुपये कशाचे घेतले?)

कुणी म्हणेल, छोट्या गावातल्या डॉक्टरकडून एवढी अपेक्षा कशाला? कारण आहे. आपलं कोकण, आपलं उदाहरण. १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीला सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले. विंचू चावलेली पोरं समोर मरताना बघत बसले नाहीत. पेशंटच्या खाटेपाशी बसून नोंदी घेतल्या, पत्रं लिहिली, लंडनच्या लॅन्सेटमध्ये छापलं, प्राझोसिन नावाची साधी ब्लडप्रेशरची गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवलं. जिथे शंभरात तीस-चाळीस जायचे तिथे एखाददुसरा जायला लागला. २०२२ ला पद्मश्री मिळाली. पण मला त्यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. ती माहिती कोकणातल्या आरोग्य केंद्रांपर्यंत पोचली, तिथल्या डॉक्टरांनी ती वापरली. एकाने शोधलं आणि बाकीच्यांपर्यंत पोचलंच नसतं, तर ते लंडनच्या कपाटात राहिलं असतं.

आणि आपल्यासाठी तर हा गल्लीतला डॉक्टरच शेवटचा आधार आहे. हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. ३१ जुलैला पालघरहून मुंबईला निघालेली एक बाई अहमदाबाद महामार्गाच्या कोंडीत रुग्णवाहिकेतच संपली. आणि त्याच १८ सप्टेंबरला, ज्या दिवशी मी संपाची बातमी शोधत फिरत होतो, आपल्याच तालुक्यातलं दीड वर्षाचंही नसलेलं एक मूल उंचावरून पडलं आणि मुंबईला नेताना त्याच महामार्गावर तासन् तास अडकून गेलं. संपामुळे नाही, रस्त्यामुळे. पण मुळात त्याला मुंबईला का न्यावं लागलं? २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती, आता किती ते सांगायला नको. एवढ्या माणसांना वसईचं डी. एम. पेटिट आणि नालासोपाऱ्याचं तुळींज, ही पालिकेची मुख्य हॉस्पिटलं. डोक्याला मार लागलेलं मूल किंवा हार्ट अटॅकचा माणूस गरिबाच्या खिशात बसेल अशा खर्चात सांभाळणारी जागा इथे नाही. २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत पालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. कुणाच्या दारात जाऊन बसायचं तेही समजत नव्हतं.

म्हणून सरकारचा हा कोर्स मला काय वाटतो ते सांगतो. ही मलमपट्टी आहे. एमबीबीएस डॉक्टर गावात टिकेल अशी नोकरी, पगार, क्वार्टर द्यायला पैसे लागतात. कागदावर नोंदवही उघडायला लागत नाहीत. 'ग्रामीण भागात डॉक्टर कमी आहेत' हे कारण सरकार देतं. मग कोर्स केलेल्यांनी पाच वर्षं ग्रामीण भागात काम करावं अशी अट का नाही? उद्या हे सगळे मीरा रोड आणि अंधेरीत पाटी लावणार, आणि गडचिरोली, जव्हार, मोखाडा तिथेच.

तरीही, आणि इथे माझे काही एमबीबीएस मित्र चिडणार, नोंदवही उघडा या मताचा मी आहे. जे चोरून चालतं ते उजेडात आणा. फक्त कोणती औषधं द्यायची आणि कोणती नाही याची यादी छापा, मराठीत, दवाखान्याच्या भिंतीवर लावा. एकदा परीक्षा आणि जन्मभर परवाना असं नको. तीस पॉइंटचा नियम यांनाही लावा आणि त्यातले निम्मे पॉइंट रिसॉर्टवर न मिळता पेटिट हॉस्पिटलच्या वॉर्डात मिळू देत. महिन्यातून एक दुपार, पालिकेच्या डॉक्टरांनी भागातल्या सगळ्या खाजगी डॉक्टरांना, पदवी न बघता, बोलावून या महिन्यात काय बदललं ते सांगावं. खोकल्याचं सिरप, साप चावला तर बांधायचं नाही, ईसीजीत काय दिसलं की गाडी काढायची. खर्च किती? चहा-बिस्किटांचा. हे काम आयएमएच्या वसई आणि विरारच्या मंडळींनी केलं, तर त्यांच्या पुढच्या संपाला गावातून पाठिंबा मिळेल.

आणि पाटी. खाट असलेल्या नर्सिंग होमला राज्यात नोंदणी लागते. २०२१ च्या नियमांनी तिथे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावणं सक्तीचं केलं. पण एका गाळ्यातल्या, खाट नसलेल्या दवाखान्याला असं काही नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलाच नाही. भजीच्या गाडीला परवाना लागतो, दवाखाना टाकायला गाळा आणि पाटी पुरते. मेडिकल कौन्सिलने २०२५ मध्ये डॉक्टरांसाठी क्यूआर कोडची योजना काढली, मोबाइलने स्कॅन केलं की डॉक्टर नोंदलेले आहेत की नाही ते दिसतं. पण ती त्यांच्या वहीतल्यांपुरती. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांची नावं त्या वहीत नाहीत, कारण त्यांच्या कौन्सिल वेगळ्या.

वडिलांना वेळेवर ओळखणारे आमचे गल्लीतले डॉक्टर. परवा त्यांना विचारलं, तुम्ही पाटीवर बीएचएमएस एवढं बारीक का लिहिलंय? जरा गप्प बसले. मग म्हणाले, "मोठं लिहिलं तर लोक येतील का?" मी म्हटलं, आमच्या घरातले तरी येतील. ईसीजी कुठे शिकलात असं विचारलं, तर सांगितलं की ते एका सरकारी हॉस्पिटलात दोन वर्षं फुकट जात होते, स्वतःच्या हौसेने.

या रविवारी सकाळी मी स्टेशनपासून सुरू करणार आहे. जूचंद्रमधल्या प्रत्येक दवाखान्यात जाऊन एकच विनंती: पदवी, कोणत्या कौन्सिलची नोंदणी आणि नोंदणी क्रमांक, हे तीन मराठीत, दारातून वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा. आपल्या गावात रांगोळी काढणाऱ्या पोरांचा हात किती सुरेख आहे ते सगळ्यांना माहीत आहे, दिवाळीच्या गडबडीतून वेळ काढून दोघा-तिघांनी पाट्या रंगवून द्यायचं कबूल केलंय, फुकट. गल्लीतल्या डॉक्टरांनी पहिली पाटी स्वतःची सांगितली आहे. ज्यांनी लावली त्यांचे फोटो इथे टाकेन. ज्यांनी नाही म्हटलं त्यांची नावं टाकणार नाही, तुम्हीच विचारा. डॉक्टर मंडळींपैकी कुणाला वाटलं की मी वर एखादी गोष्ट चुकीची लिहिली आहे, तर कमेंटमध्ये सांगा, लगेच दुरुस्त करतो. नर्सिंग होमच्या मालकांनी फोन न करता इथेच लिहावं.